दुखणे काढणे

मराठीत ‘दुखणे काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. तो आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातली गंमत ध्यानात येत नाही. ‘त्याने दोन महिने दुखणे काढले’ असे म्हटले, की तो स्वतः अंथरुणाला खिळलेला असतो. ‘सुनेने सासऱ्याचे दुखणे काढले’ असे म्हटले, की अंथरुणावर सासरा असतो आणि सून त्याच्या उशाशी. क्रियापद मात्र एकच. सोसणाऱ्याला तेच आणि सेवा करणाऱ्यालाही तेच. ‘आजारपण काढणे’ याचीही तीच तऱ्हा.

मी भाषाशास्त्राचा अभ्यासक नाही, त्यामुळे यावरून मराठी मनाविषयी काही सिद्धान्त मांडण्याचा माझा इरादा नाही. पण आजारपणाविषयीची आपली बाकीची क्रियापदे पाहा. ताप येतो, भरतो, चढतो, उतरतो. कळ येते, चक्कर येते, अंग मोडून येते. माणूस आजारी पडतो. या सगळ्यांत माणसाच्या हाती काहीच नाही. जे काही करायचे ते ताप करतो, कळ करते. माणसाला पहिल्यांदा कर्तेपण मिळते ते ‘काढणे’ या क्रियापदात. आणि तिथेही भाषेने ते एकट्याला दिलेले नाही.

हे सगळे मला सुचले ते परदेशात, तापात. 2006 सालच्या जूनपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मी कामानिमित्त जर्मनीत होतो. पुण्यातल्या आमच्या कारखान्यासाठी काही यंत्रे घेतली होती. ती बांधून होत असताना तिथे राहून त्यांच्या चाचण्या घ्यायच्या, असे कामाचे स्वरूप. राहायला श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली होती. गेलो तेव्हा फुटबॉलच्या विश्वचषकाचे दिवस होते, घराघरावर झेंडे होते, रात्री दहापर्यंत उजेड असे. ऑक्टोबर आला तसा तो सगळा उत्सव कोणी आवरून ठेवल्यासारखा नाहीसा झाला. संध्याकाळ होता होता आभाळ खाली उतरे आणि सकाळी आठपर्यंत हलत नसे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी कारखान्यातून परतताना अंगात कसकस जाणवली.

कसकस. आता हा शब्द कोणत्याही डॉक्टरला मराठीबाहेर सांगून पाहावा. ताप नव्हे, तापाच्या आधीची ती वर्दी. कणकण त्याहून किंचित वेगळी, आणि ‘कसंनुसं होणं’ हे तर शरीरात आहे की मनात याचाच पत्ता लागत नाही. आमच्या सांगोल्यात डॉक्टरांना ‘अंग लई मोडून आलंय’ एवढे सांगितले की ते पुढचे तीन प्रश्न विचारतच नसत. त्या गावातल्या डॉक्टरीणबाई अतिशय सज्जन होत्या, त्यांचे इंग्रजीही चांगले होते. त्यांनी मला विचारले, की दुखणे बोचणारे आहे की बोथट? एक ते दहा या पट्टीवर किती? श्वास घेताना वाढते का? मी उत्तरे देत होतो. पण ती देताना मला असे वाटत होते, की मी दुसऱ्याच कोणाच्या तरी दुखण्याची माहिती पुरवतो आहे. त्याने मला तेवढ्यासाठी पाठवले आहे आणि तो बाहेर बाकावर बसला आहे.

तापाचा आकडादेखील परका. आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. ‘शंभरच्या वर गेला’ म्हटले की घरात हालचाल सुरू होते. तिथे काचेच्या नळीवर 39.2 हा आकडा पाहून मला क्षणभर बरे वाटले, इतका तो लहान दिसत होता. मग मनातल्या मनात नऊ पंचमांशाने गुणून बत्तीस मिळवले आणि एकशे दोनच्या वर गेल्याचे कळले. तापात केलेला गुणाकार म्हणून तो पुन्हा एकदा करून पाहिला.

उजव्या फुफ्फुसाला खाली थोडी सूज होती. सात दिवसांच्या गोळ्या आणि दहा दिवस घरी. डॉक्टरीणबाईंनी एक पिवळा कागद भरून दिला. जर्मन भाषेत या प्रकाराला ‘क्रांकगेश्रीबेन’ असा शब्द आहे, म्हणजे आजारी ‘लिहिला गेलेला’. तो कागद कामाच्या ठिकाणी पोचला की तुम्हाला कोणी फोन करत नसे, कामाचे विचारत नसे, कधी येणार म्हणत नसे. याचे मला तेव्हा फार आश्चर्य वाटले आणि आजही कौतुक आहे. आपल्याकडे रजेच्या अर्जात ताप लिहिला तर साहेब त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवला तर ‘घरूनच जरा तेवढा आकडा बघून सांग’ म्हणतो. तिथे आजारपण हा माणसाचा हक्क आहे. पण हक्काची एक बाजू अशी, की तो एकट्याने बजावायचा असतो. त्या पिवळ्या कागदाने माझे दुखणे नीट नोंदवून, घडी घालून, पूर्णपणे माझ्या स्वाधीन केले.

घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी दाराबाहेर एका ट्रेमध्ये थर्मास आणि टोस्टसारख्या कोरड्या, गोडसर पावाचा पुडा ठेवला होता. थर्मासमध्ये बडीशेपेचा चहा होता. खरे तर काढाच तो. सोबत चिठ्ठी होती, ‘गुटे बेसेरुंग’. बरे वाटो, अशा अर्थाची ती शुभेच्छा. दार वाजवले नव्हते. दुसऱ्या दिवशी रिकामा थर्मास बाहेर ठेवला, तर तो भरून आला. असे पाच दिवस. त्या पाच दिवसांत त्या माझ्या खोलीत एकदाही आल्या नाहीत, आणि आजारी माणसाला एकांत हवा असतो या त्यांच्या समजुतीत कमालीचा आदर होता हे मला कळत होते. तरीही पडल्या-पडल्या कानोसा मात्र जिन्याच्या पावलांचाच लागे.

आपल्याकडे आजाऱ्याला शुभेच्छा देण्याची रीत नाही. आपण ‘समाचाराला’ जातो. शहाळे, मोसंबी, बिस्किटांचा पुडा, जमेल ते घेऊन जातो. आणि खाटेभोवती कोंडाळे करून रोग्यासमोरच त्याच दुखण्याने गेलेल्या चार माणसांच्या कथा सांगतो. रोग्याला त्याने किती त्रास होतो हे मी लहानपणी सांगोल्यातल्या दवाखान्यात पुष्कळ पाहिले आहे, त्यामुळे या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शनिवारी मात्र कारखान्यातला एक तेलुगू सहकारी अर्ध्या तासाचा प्रवास करून कुकरचे भांडे कुशीत धरून आला. मऊ भात, पातळ वरण, वर लिंबाची फोड. माझे ताट होईपर्यंत तो समोर बसून राहिला आणि त्याच्या मामाला न्यूमोनिया कसा उलटला होता ते त्याने तपशिलाने सांगितले. मला फार बरे वाटले.

घरी काही सांगितले नव्हते. दर रविवारी मी पाच युरोचे कॉलिंग कार्ड वापरून सांगोल्याला फोन करत असे. रविवार हा आमचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी गावात जनावरांचा मोठा बाजार भरतो. आमचे घर बाजाराच्या वाटेवर असल्यामुळे फोनमध्ये मागून टेम्पोचे हॉर्न आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येई. त्या रविवारी आई म्हणाली, “आरं, आवाज का बसलाय तुझा?”

“थंडी हाय इथं. जेवलीस का?”

“जेवले की. तू काय खाल्लंस?”

“वरण-भात.”

“मग बरंय.”

एवढेच संभाषण. यात खोटे एकही वाक्य नाही. थंडी होती आणि वरण-भात खाल्लाच होता. परगावी असलेल्या माणसाचे घरच्यांशी बोलणे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हणायला हवा. 2022 च्या जूनमध्ये सांगोल्याचे नाव देशभर गाजले ते अशाच एका फोनमुळे. तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीच्या मुक्कामातून एका कार्यकर्त्याला फोनवर झाडी, डोंगर आणि हाटेल यांचे वर्णन करून सगळे ‘ओक्के’ असल्याचे कळवले. लोक पोट धरून हसले, गाणी निघाली. राजकारण बाजूला ठेवू; पण मला ते ऐकताना पहिल्यांदा जाणवले ते हे, की ही आमच्याकडची जुनी लकब आहे. दूर गेलेला माणूस नेमक्या त्या वेळी ओक्केच असतो, ज्या वेळी त्याचे काय चालले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

आमच्या भागाला परमुलूख नवा नाही. माण नदीच्या खोऱ्यात पाऊस बेताचाच. सांगोला, आटपाडी, खानापूर, माण, खटाव या पट्ट्यातली माणसे गेल्या कित्येक पिढ्या सोन्याचांदीची गलाई करायला देशभर पांगली आहेत. उत्तरेतल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफकट्ट्यात, कुठल्या तरी बोळातल्या अरुंद खोलीत, भट्टीपुढे बसलेला माणूस विचारून पाहिला तर बहुधा आपल्या पट्ट्यातला निघतो. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून हीण वेगळे काढायचे, शुद्ध धातूची लगड करून द्यायची. तेजाबाच्या तपकिरी धुरात दिवस काढणाऱ्या या माणसांच्या छातीचे काय होते ते सांगायला नको. आमच्या आळीत असे एक काका होते. दोन वर्षांनी गावी येत, चार पावले टाकली की थांबत, खोकत आणि म्हणत, “गावाकडची हवा सोसत न्हाई आता.”

त्यांची पोस्टकार्डे मी वाचून दाखवली आहेत. ‘इकडील सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी.’ मजकूर काही असो, पहिले वाक्य हेच. खुशालीचे वाक्य आधीच छापून ठेवल्यासारखे येई आणि मग उरलेल्या जागेत पैसे, बैल, मुलीचे लग्न. दुसऱ्या टोकाला कोपरा फाडलेले कार्ड. ते हातात पडले की वाचण्याआधीच बाया रडू लागत, कारण फाटका कोपरा म्हणजे मृत्यूची वार्ता. किंवा मग तार. आणि तारेतला ‘सीरियस’ हा शब्द कोणी शब्दशः घेत नसे. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तोवर तिची ही दहशत होती. खुशालीचे वाक्य आणि फाटका कोपरा या दोहोंच्या मध्ये जे असते, म्हणजे ताप आहे, चार दिवस अन्न गेलेले नाही, रात्री एकट्याला भीती वाटते, ते कळवण्यासाठी आमच्या पत्रलेखनात जागाच नव्हती. दुखणे पत्रात मावत नसे. ते फार झाले तर माणूस ते घेऊन गावी येई आणि मग घरचे ते काढत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी परतलो. पुण्याला एक दिवस थांबून सांगोल्याला गेलो. दार उघडायला बहीण आली. ती मंगळवेढ्याला दिलेली; ती घरी कशी, असे मनात आले तोच आतून आई आली. भिंतीचा आधार घेत, कमरेत वाकून, एकेक पाऊल जपून टाकत. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ होती. आमच्या जिल्ह्यात तर घरटी माणसे निजून होती. आईला तो ऑगस्टच्या अखेरीस झाला होता. ताप चार दिवसांत गेला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. चिकुनगुन्या हा शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ वाकवून टाकणारा, अशा प्रकारचा काहीसा आहे, हे मी नंतर वाचले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या साथीत हे नाव पडले. इतके अचूक नाव दुसऱ्या कुठल्या रोगाला असेल असे वाटत नाही. आईला भाकरी थापता येत नव्हती, जात्याचा तर प्रश्नच नव्हता, पाण्याच्या तांब्याला दोन्ही हात लावावे लागत. सप्टेंबर ते डिसेंबर. म्हणजे माझ्या चौदा-पंधरा रविवारच्या फोनांत ती मला ‘जेवले की’ असे जे सांगत होती, ते जेवण आलटून-पालटून बहिणीने आणि शेजारच्या काकूंनी रांधलेले होते.

“मला कळवलं का नाही?” मी बहिणीला विचारले.

“आईनं शपथ घातली हुती. म्हणाली, तिकडं बसून त्यो काय करणार? नुस्ता झुरंल.”

मग केव्हा तरी रात्री माझ्या पिवळ्या कागदाची गोष्ट निघाली. आईने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, “मला वाटलंच हुतं. आवाजावरनं.” तिने उठून मीठ-मोहऱ्या आणल्या आणि त्या आखडलेल्या हातांनी माझी दृष्ट काढली. दीड महिन्यापूर्वी बऱ्या झालेल्या न्यूमोनियाची.

यात कोणी कोणाला फसवले असे मला वाटत नाही. ‘नुस्ता झुरंल’ या दोन शब्दांत तिने जे सांगितले ते एवढेच, की ज्याला दुखणे काढता येणार नाही त्याला ते सांगणे म्हणजे त्याच्या हातात ओझे देऊन ते ठेवायला जागा न देणे. मीही तेच केले होते. हल्ली दृश्य-फोनांचे दिवस आले आहेत, थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरता येतो. तरी परदेशातली पुष्कळ मुले पडद्यासमोर येण्याआधी तोंड धुऊन, केस विंचरून, पाठीमागचे औषधाचे पाकीट बाजूला सारून बसतात, हे मी पाहिले आहे.

असो. या सगळ्यानंतर माझ्या मनात वारंवार येऊ लागले ते डॉक्टर कोटणीस. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे नाव शाळेपासून ठाऊक असते. पण आपण ते नाव पुतळ्यासारखे ऐकतो. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती जू द यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले: प्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी आणि अठ्ठाविशीचेही न झालेले कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 ला त्यांचे जहाज मुंबईहून निघाले. मुदतीची कामगिरी होती. संपली की परत यायचे होते.

पहिल्याच हिवाळ्यात, ते चुंगकिंगला असताना, वडील गेल्याची बातमी आली. परत जा, असे सोबत्यांनी सुचवले. ते परतले नाहीत. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोचले. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी आले, अटल पुढच्या वर्षी. कोटणीस उत्तरेकडच्या आघाडीवर, आठव्या सेनेच्या गनिमी प्रदेशात गेले. चिनी भाषा शिकून तीतूनच वर्ग घेऊ लागले. 1940 च्या मोठ्या मोहिमेत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. जानेवारी 1941 मध्ये ते तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते कॅनडाचे नॉर्मन बेथून हेसुद्धा परदेशी कामगिरीवर आलेले शल्यविशारदच. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यात जंतुदोष होऊन नोव्हेंबर 1939 मध्ये ते वारले होते.

चरित्रांत इथपर्यंतचा भाग भरघोस असतो आणि मग एखाद्या वाक्यात येते, की त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. मला थांबावेसे वाटते ते या वाक्याशी. शल्यविशारदाला झटके येणे म्हणजे काय? पुढचा झटका केव्हा येईल हे ठाऊक नाही, आणि हातात चाकू आहे. रोगाचे नाव त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या प्रदेशात ते ज्यांना सर्वांत नेमके ठाऊक असेल असे तेच. औषध काय द्यायचे आणि ते इथे मिळत नाही, हेही त्यांनाच ठाऊक. माझ्या त्या पोरकट तापात मला वाटले होते, की माझे दुखणे सांगायला मी दुसऱ्याच कोणाच्या वतीने आलो आहे. कोटणिसांना तर रोगी आणि डॉक्टर या दोन्ही खुर्च्यांवर एकट्यानेच बसावे लागले असणार. उपचारासाठी आघाडी सोडून बाहेर जा, असे वरिष्ठांनी सुचवले होते. ते गेले नाहीत. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक चिनी विद्यार्थ्यांसाठी लिहीत राहिले. ते अपुरे राहिले. 9 डिसेंबर 1942 च्या पहाटे, हबेई प्रांतातल्या तांग जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते वारले. वय बत्तीस.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 मध्ये या मोहिमेवर जे इंग्रजी पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. त्यावरून 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला; कोटणिसांची भूमिका त्यांनीच केली. चित्रपटात प्लेगच्या साथीला मोठे स्थान आहे. त्याचे कारण उघड आहे. साथीशी लढता येते, साथीचे चित्रण करता येते, साथीत नायक उठून दिसतो. अपस्माराशी असे काही जमत नाही. तो माणसाला जमिनीवर पाडतो आणि पाहणाऱ्याला काय करावे ते सुचत नाही. शांतारामांना मी दोष देत नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाला जमिनीवर पडलेला नायक नको असणार. पण त्यामुळे एक गोष्ट मागे पडली. कोटणीस शेवटच्या दुखण्यात एकटे नव्हते. क्वो छिंगलान ही त्याच रुग्णालयातली परिचारिका आणि शिक्षिका. 1941 च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले होते. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

त्यांच्याआधी अर्धशतक आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होताना सतत आजारी होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या ‘मावशी’ म्हणत. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. 1883 साली अठरा वर्षांची मुलगी परक्या देशात उतरते आणि सर्वांत आधी नाते ठरवते. यजमानीणबाई म्हटले तर त्यांनी दाराबाहेर थर्मास ठेवला असता. मावशी म्हटल्यावर त्यांना खोलीत यावेच लागणार. आनंदीबाई 1886 च्या अखेरीस परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा पुढे अमेरिकेत त्या मावशींकडेच पोचली.

कोटणिसांचा मुलगा डॉक्टरीचे शिक्षण घेत असताना 1967 मध्ये वारला. क्वो छिंगलान मात्र 2012 पर्यंत होत्या, शहाण्णवाव्या वर्षापर्यंत. जेमतेम वर्षभराचा संसार आणि त्यानंतरची सत्तर वर्षे. या काळात त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. चीनने 1982 मध्ये आणि भारताने 1993 मध्ये कोटणिसांचे टपाल तिकीट काढले. सोलापुरात भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.

तिथे मी आईला घेऊन गेलो होतो. सोलापुरात तिचे गुडघे दाखवायचे होते. डॉक्टरांची वेळ दुपारची, म्हणून मधला वेळ तिथे काढला. मी तिला माहिती वाचून दाखवत होतो. पथक, जहाज, आठवी सेना, 72 तास. ती ‘हं, हं’ करत पुढे सरकत होती. मृत्यूच्या तारखेशी आलो तेव्हा थांबली.

“दुखण्यात जवळ कोण हुतं त्येच्या?”

“बायको होती. तिकडचीच. नर्स होती.”

“पोरबाळ?”

“मुलगा. साडेतीन महिन्यांचा.”

ती पुढच्या फोटोकडे गेली नाही. तिथल्या बाकावर बसली आणि बराच वेळ दोन्ही गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, “त्या बाईचा फोटू कुठाय, तेवढा दाव.”